ऑक्टोपसचा चूषक : स्पर्श की चव?

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक बरणी बहुधा असतेच. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, रंग उडालेला, आठही बाहू आखडून बसलेला ऑक्टोपस तिच्यात असतो. आम्ही विद्यार्थी असताना त्याची आकृती जर्नलमध्ये काढायची, पट्टी लावून बाण काढायचे आणि बाणांच्या टोकांशी नावे लिहायची, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. बाहूंवरच्या गोल वाट्यांकडे एक बाण जाई आणि तिथे ‘चूषक’ असे लिहिले जाई. चूषकाचे कार्य काय? ‘चिकटणे व भक्ष्य पकडणे.’ या उत्तराला पूर्ण गुण मिळत.

उत्तर चूक नव्हते. पण त्या वाटीच्या काठावरच्या त्वचेत हजारो संवेदी पेशी दाटीवाटीने उभ्या असतात, आणि ऑक्टोपसला दगडाच्या फटीतला खेकडा, स्वतःची अंडी, दुसरा ऑक्टोपस या सगळ्यांची ओळख पटते ती बरीचशी त्यांच्यामुळे, हे त्या जर्नलमध्ये कुठेच नव्हते. या पेशींचे नीटस चित्र १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत मिळाले. त्या नेमके काय करतात याचा पुरावा मिळाला २०२० मध्ये. चित्र आणि पुरावा यांच्यामधल्या या सुमारे साठ वर्षांची हकिकत आम्हाला सांगावीशी वाटते, कारण बाणाच्या टोकाशी नाव लिहिले की गोष्ट कळली, असे आपल्या वर्गांत फार लवकर मानले जाते.

आधी चूषकाची साधी रचना पाहू. ऑक्टोपस वल्गारिस या भूमध्य समुद्रात सर्रास आढळणाऱ्या जातीत एकेका बाहूवर दोनशेहून अधिक चूषक दोन रांगांत असतात. प्रत्येक चूषकाचे दोन भाग. बाहेरची पसरट बशी पृष्ठभागावर टेकते. तिच्या मध्यावर एक भोक असते आणि त्यातून आतल्या खोलगट वाटीत जाता येते. बशी टेकून कडा घट्ट बसल्या की आतल्या वाटीच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावतात. त्यामुळे भिंत पातळ होते आणि वाटी मोठी होऊ पाहते. आत कोंडलेले पाणी सहजासहजी प्रसरण पावत नाही, म्हणून आतला दाब एकदम उतरतो आणि चूषक चिकटतो. बशीच्या आतील बाजूस कायटिनयुक्त पातळ आवरण असते. ते झिजते, अधूनमधून गळून पडते आणि नवे येते. बशीच्या अगदी बाहेरच्या काठावर मात्र असे जाड आवरण नसते. तिथली त्वचा सैल, सुरकुतलेली आणि मऊ असते. आपली सारी हकिकत या काठावर घडते.

किनाऱ्याजवळच्या शाळांतील शिक्षकांना चूषक प्रत्यक्ष दाखवणे फारसे अवघड नाही. बाजारात मिळणारा माकूळ हा ऑक्टोपसचाच भाऊबंद, शीर्षपाद वर्गातला मृदुकाय प्राणी. साधे भिंग घेऊन त्याचे चूषक पाहावेत. ते बारीक देठांवर बसलेले असतात आणि आत शिंगासारख्या पदार्थाचे कडक, दातेरी कडे असते. ऑक्टोपसच्या चूषकाला देठही नसतो आणि दातेरी कडेही नसते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

हे प्राणी माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. ऑक्टोपस आपले बाहू पायांसारखे आणि हातांसारखेही वापरतो, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. त्याने या प्राण्याला मूर्खही ठरवले. कारण काय, तर माणसाने पाण्यात हात घातला की तो पळून न जाता हाताजवळ येतो. आज आम्ही हे वाचतो तेव्हा वाटते, बिचारा आपल्या पद्धतीने पाहुण्याची चौकशी करायला येत असणार. ती चौकशी कशी होते हे समजायला मात्र सूक्ष्मदर्शक लागला, आणि नुसता सूक्ष्मदर्शकही पुरला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राण्यांच्या ऊतींचे पातळ काप काढून, ते रंगवून पाहण्याचे तंत्र युरोपात चांगलेच रुळले होते. त्याच सुमारास, १८७२ मध्ये, अँटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतील नेपल्स येथे समुद्री जीवांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. त्याची व्यवस्था मोठी नामी होती. निरनिराळ्या देशांतील सरकारे व विद्यापीठे तिथे एकेक ‘टेबल’ भाड्याने घेत. टेबलाबरोबर संशोधकाला उपकरणे, रसायने आणि नेपल्सच्या उपसागरातून आणलेले जिवंत प्राणी मिळत. ऑक्टोपस तिथे भरपूर. पुढची शंभर वर्षे ऑक्टोपसविषयी जे महत्त्वाचे कळले, त्यातला मोठा वाटा या एका इमारतीचा आहे.

चूषकाच्या ऊतींकडे लक्ष देणारे पहिले अभ्यासक प्रामुख्याने फ्रेंच होते. पॉल जिरो यांनी १८८४ मध्ये शीर्षपादांची त्वचा आणि चूषक यांवर काम प्रसिद्ध केले. १९०८ मध्ये गेरँ यांचा बाहूंच्या त्वचा, स्नायू व चेतासंस्थेवरील विस्तृत प्रबंध आला. पण या साऱ्यांपुढे एक अडचण होती. साध्या रंगाने कापातल्या सगळ्याच पेशी रंगतात. शेजारी शेजारी दाटलेल्या शेकडो उंच पेशींमधून संवेदी पेशी कोणती आणि नुसती आधार देणारी कोणती, हे ओळखायचे कसे?

या अडचणीवरचा उपाय इटलीतच सापडलेला होता. कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या साहाय्याने ऊती रंगवण्याची रीत शोधली. तिची गंमत अशी की शेकडो पेशींपैकी एखाद-दुसरीच रंगते, पण जी रंगते ती टोकापासून शेपटापर्यंत काळीकुट्ट होते. पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारखी एकच पेशी दिसते. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी ही रीत सुधारली, तिच्यावर सारी चेतापेशी-कल्पना उभी केली, आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांनी वाटून घेतले, अगदी एकमेकांचे म्हणणे न पटताही. चांदीच्या क्षारांनी रंगवण्याच्या या पद्धती पुढे ऑक्टोपसच्या बाहूंनाही लागू झाल्या. त्वचेच्या थरात उभ्या, निमुळत्या पेशी दिसल्या. त्यांचे एक टोक बाहेर पृष्ठभागाकडे होते आणि दुसऱ्या टोकातून निघालेला धागा आत चेतातंतूंकडे जात होता. पण पेशीच्या बाहेरच्या टोकाला नेमके काय आहे हे साध्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसेना. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच-हजाराव्या भागापेक्षा, बारीक तपशील वेगळे दाखवता येत नाहीत. पेशीच्या टोकावरच्या पक्ष्माभिका, म्हणजे केसासारखे धागे, साधारण तेवढ्याच जाडीचे असतात.

इथे आपण सूक्ष्मदर्शक क्षणभर बाजूला ठेवू. कारण या पेशींना महत्त्व आले ते दुसऱ्याच वाटेने.

इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांचे नाव स्क्विडच्या अजस्र चेतातंतूमुळे शरीरक्रियाविज्ञानात अजरामर झालेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, त्यांनी नेपल्सला ऑक्टोपसच्या स्मरणशक्तीचा अभ्यास सुरू केला. मेंदू समजून घ्यायचा तर त्यात पेशी किती हे आधी मोजले पाहिजे, असे त्यांचे सरळ मत होते. १९६३ मध्ये त्यांनी ही मोजदाद प्रसिद्ध केली. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी निघाल्या. मृदुकाय प्राण्यात, म्हणजे गोगलगायीच्या आणि शिंपल्याच्या गोतावळ्यात, हा आकडा थक्क करणारा होता. पण आम्हाला अधिक थक्क करतो तो त्याचा हिशेब. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ३५ कोटींच्या आसपास पेशी मेंदूत नसून आठ बाहूंत होत्या! प्रत्येक बाहूच्या मधोमध एक जाड चेतारज्जू जातो आणि प्रत्येक चूषकाच्या मुळाशी चेतापेशींची एक स्वतंत्र गुच्छिका असते. एवढा फौजफाटा बाहूंत कशासाठी? नुसते चिकटायला आणि सोडायला तो नक्कीच लागत नाही.

यंग यांचे तरुण सहकारी मार्टिन वेल्स (एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाचे हे नातू) आणि त्यांच्या पत्नी जॉइस वेल्स यांनी १९५५ नंतरच्या वर्षांत नेपल्सला हा प्रश्न ऑक्टोपसलाच विचारायचे ठरवले. ऑक्टोपसची दृष्टी उत्तम असते. तिची मदत होऊ नये म्हणून त्यांनी प्राण्यांच्या नेत्रचेता कापून त्यांना आंधळे केले. मग बाहूला पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचा एखादा दंडगोल टेकवायचा. काही दंडगोल गुळगुळीत, काहींवर खाचा कोरलेल्या. ठरावीक प्रकारचा दंडगोल ओढून तोंडाशी नेला की माशाचा तुकडा मिळे. दुसऱ्या प्रकारचा नेला तर विजेचा सौम्य धक्का बसे. काही दिवसांत ऑक्टोपस शहाणा होई. एक दंडगोल जवळ ओढी, दुसरा ढकलून देई.

या प्रयोगांविषयी वर्गात सांगताना प्राण्यांना आंधळे केल्याचा भाग गाळू नये, असे आम्हाला वाटते. मुले त्याबद्दल विचारतात, आणि त्यांनी विचारावे. त्या काळी अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोगांना कसलेच बंधन नव्हते. ब्रिटनने १९९३ मध्ये ऑक्टोपस वल्गारिसला प्रयोगविषयक कायद्याचे संरक्षण दिले. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात सर्वच शीर्षपादांचा समावेश झाला आणि तो २०१३ पासून लागू झाला. त्या प्राण्यांना वेदना होऊ शकतात आणि ते शिकू शकतात, हे ज्या प्रयोगांतून जगाला पटत गेले, त्यांत वेल्स दांपत्याचे हे प्रयोगही होते.

निष्कर्ष मोठे चमत्कारिक निघाले. गुळगुळीत आणि खाचांचा दंडगोल यांत ऑक्टोपसला सहज फरक कळे. कमी खाचांचा आणि जास्त खाचांचा, यांतही कळे. पण दोन दंडगोलांवर खाचा तेवढ्याच आणि एकावर उभ्या, दुसऱ्यावर आडव्या असतील, तर त्याला ते दोन्ही सारखेच! आपण डोळे मिटूनही बोट फिरवले की उभी खाच कोणती आणि आडवी कोणती हे सांगू. ऑक्टोपसला पृष्ठभागाचा किती भाग खाचांनी व्यापला आहे, एवढेच समजत होते. वजनाचे तेच. हलकी आणि जड वस्तू यांत भेद करायला तो शिकू शकला नाही.

वेल्स यांनी याचे कारण शोधले ते आम्हाला फार सुंदर वाटते. आपल्या हाताला सांधे आहेत. कोणता सांधा किती वाकला आहे ही बातमी मेंदूला सतत मिळत असते, म्हणून एका बोटाला लागलेली खाच दुसऱ्या बोटाला लागलेल्या खाचेच्या कोणत्या दिशेला आहे हे आपण जोडून पाहू शकतो. ऑक्टोपसच्या बाहूत हाड नाही, सांधा नाही. तो कुठेही, कसाही वळतो. प्रत्येक चूषक या घटकेला अवकाशात नेमका कुठे आहे याचा हिशेब मेंदूतल्या शिकणाऱ्या भागाने ठेवायचा म्हटले तर त्याला अंत नाही. म्हणून तो ठेवला जात नाही. प्रत्येक चूषक आपापल्या जागेपुरते बोलतो, आणि मेंदू त्या बोलण्याची गोळाबेरीज ऐकतो.

मग १९६३ मध्ये वेल्स यांनी पुढचा प्रश्न घेतला : चूषकाला चव कळते का? त्यांनी सच्छिद्र वस्तू निरनिराळ्या द्रावणांत भिजवून बाहूंना दिल्या. समुद्राच्या पाण्यात थोडे आम्ल, थोडी साखर किंवा थोडे क्विनाइन मिसळलेले. आंधळे ऑक्टोपस यांतला फरक ओळखायला शिकले, आणि माणसाच्या जिभेला ज्याचा पत्ता लागणार नाही अशा विरल द्रावणांतही ओळखू लागले. काठावरच्या पेशी स्पर्श जाणत होत्याच, आता चवही जाणत होत्या. निदान त्यांच्यातल्या काही तरी.

काही म्हणजे कोणत्या? हे सांगायला पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे जावे लागले, आणि सुदैवाने तोवर तो बदलला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ मध्येच बर्लिनला एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी तयार केला होता. पण इलेक्ट्रॉन आरपार जातील इतके पातळ काप काढता येईपर्यंत जीवशास्त्रज्ञांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९५० च्या सुमारास फुटलेल्या काचेच्या धारेने काप काढण्याची युक्ती सापडली, ऑस्मियमच्या संयुगांनी पेशी जशाच्या तशा स्थिर करण्याच्या रीती सुधारल्या, आणि मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ काप मिळू लागले.

पास्क्वाले ग्राझियादेई या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने या तंत्राने चूषकाचा काठ पाहिला. १९६२ मध्ये त्यांनी प्रथम ऑक्टोपसच्या चूषकातील संवेदी पेशींचे वर्णन केले, आणि १९६४ मध्ये कटलफिशच्या चूषकातील पेशींचे व ऑक्टोपस वल्गारिसच्या चूषकाचे अधिक तपशिलाने. काठाच्या अभिस्तरात, म्हणजे त्वचेच्या वरच्या पेशीथरात, त्यांना एकाहून अधिक प्रकारच्या संवेदी पेशी दिसल्या. सर्वांत जास्त संख्येने होत्या त्या उंच, सडपातळ पेशी. त्यांचे वरचे टोक शेजारच्या आधारपेशींमधून वाट काढत थेट पृष्ठभागावर येते आणि तिथल्या सूक्ष्म छिद्रात पक्ष्माभिका पाण्याला भिडलेल्या असतात. दुसऱ्या पेशी गोलसर किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या, थरात खोलवर बसलेल्या. त्यांचे कोणतेच टोक असे मोकळेपणाने पाण्यात आलेले नव्हते. १९७६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या मोठ्या लेखात त्यांनी काठाच्या चेतारचनेचा आणखी तपशील दिला. एकाच चूषकात अशा सुमारे दहा हजार संवेदी पेशी असतात, असा आकडा आज नेहमी दिला जातो. आठ बाहूंवरील सारे चूषक धरले तर हिशेब कोटीच्या वर जातो.

एवढ्या पेशींचे धागे सरळ मेंदूकडे गेले असते तर बाहूत स्नायूंना जागाच उरली नसती. अभिस्तराच्या खाली आणखी चेतापेशी असतात. अनेक संवेदी पेशींच्या बातम्या त्यांच्याकडे येतात आणि तिथून गुच्छिकेकडे त्या मानाने थोडेच तंतू जातात. बातमी आधी जागीच आटवली जाते. यंग यांच्या मोजदादीतल्या ३५ कोटींचे रहस्य काही अंशी इथे आहे.

या पेशींची आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. आपल्या जिभेवरच्या रुचिपेशीला स्वतःचा अक्षतंतू नसतो. ती आपली बातमी शेजारी टेकलेल्या दुसऱ्या चेतापेशीच्या हवाली करते. नाकातली गंधपेशी वेगळी. ती स्वतःच चेतापेशी असते, तिच्या वरच्या टोकाला पक्ष्माभिका असतात आणि खालच्या टोकातून तिचाच अक्षतंतू मेंदूकडे जातो. ऑक्टोपसच्या चूषकातली उंच पेशी घडणीने आपल्या जिभेसारखी नाही, नाकासारखी आहे! हा योगायोग ग्राझियादेई यांच्या आयुष्यातही उतरला. पुढे ते अमेरिकेत फ्लॉरिडाला गेले आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या नाकातल्या गंधपेशी मरून पुन्हा नव्याने तयार होतात, या विषयावरील कामासाठी प्रसिद्ध झाले.

आता आपण पुन्हा जर्नलमधल्या बाणांशी येतो. उंच पेशी पाण्याला भिडलेली, म्हणून ती रसायने ओळखणारी. गोल पेशी आत दडलेली, रसायनांपर्यंत न पोचणारी, म्हणून ती दाब ओळखणारी. असा तर्क करण्यात आला, आणि तर्क म्हणून तो उत्तमच होता. पण कोणी एका उंच पेशीला रसायन लावून तिची प्रतिक्रिया मोजली नव्हती. वेल्स यांनी दाखवले ते अख्ख्या प्राण्याचे वागणे. ग्राझियादेई यांनी दाखवली ती मेलेल्या, ऑस्मियममध्ये स्थिर केलेल्या पेशीची रचना. या दोहोंमध्ये जो पूल होता तो केवळ आकारसाम्याचा. तरीही लिहिता लिहिता ‘बहुधा’ हा शब्द गळत जातो आणि बाणाच्या टोकाशी ‘रसायनग्राही पेशी’ एवढेच उरते. आम्ही स्वतःही पुढे शिकवायला लागल्यावर फळ्यावर असे बाण काढले आहेत. आकारावरून काम ओळखणे नेहमी फसते असे नाही, पण फसू शकते. आपल्या कानातल्या संवेदी पेशींनाही टोकाशी केसांसारखे धागे असतात, आणि त्यांचा रसायनांशी काही संबंध नाही. त्या हालचाल जाणतात.

दरम्यान एक छान प्रयोग इस्राएलमध्ये झाला. ऑक्टोपसचा तोडलेला बाहू तासभर तरी जिवंतपणाने वागतो, त्याचे चूषक दिसेल ते पकडतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की असा तोडलेला बाहू ऑक्टोपसच्या त्वचेला मात्र धरत नाही. त्वचा काढलेल्या बाहूला धरतो, त्वचा असलेल्या बाहूला नाही. म्हणजे त्वचेतले काहीतरी रसायन चूषकाला थांबवते. आठ बाहूंचा एकमेकांत गुंता का होत नाही याचे हे उत्तर. आणि त्या तोडलेल्या बाहूला मेंदू नव्हता, हे विसरू नये. ओळख बाहूतच पटत होती.

हरवलेला पूल २०२० मध्ये बांधला गेला. हार्वर्ड विद्यापीठातील निकोलस बेलोनो यांच्या प्रयोगशाळेत लेना व्हान गीसेन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसच्या चूषकातून पेशी सुट्या केल्या, आणि अतिसूक्ष्म काचनळी एकेका पेशीला लावून तिच्यातले विद्युत्प्रवाह मोजले. (हे तंत्र नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये दिलेले, म्हणजे ग्राझियादेई यांच्या चूषकावरील मुख्य कामाच्या वेळी ते हाताशी नव्हते.) पेशींचे दोन गट स्पष्ट दिसले. एक गट स्पर्शाला प्रतिसाद देई, दुसरा माशाच्या अर्कासारख्या रसायनांना. १९६४ चा तर्क मूळ मुद्द्यावर खरा ठरला.

पण खरी नवलाई पुढे होती. या जातीचा जनुकसंच २०१५ मध्येच वाचून झाला होता, त्यामुळे रसायन ओळखणाऱ्या पेशींत कोणते ग्राही रेणू आहेत हे शोधता आले. ते नाकातल्या किंवा जिभेवरच्या ग्राहींपैकी नव्हतेच. ते निघाले ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींचे वंशज. ॲसिटिलकोलीन हे चेतापेशी आणि स्नायू यांच्यामधला निरोप्या. त्याला ओळखणारा जुना रेणू ऑक्टोपसच्या वंशात बदलत गेला, त्याच्या अनेक प्रती झाल्या आणि २६ जनुकांचे एक कुटुंबच तयार झाले. या ग्राहींना ॲसिटिलकोलीन कळत नाही. त्यांना कळतात ते पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, तेलकट रेणू. त्यांत टर्पिनॉइड गटातले रेणू प्रमुख होते. आपल्या ओळखीचा कापूर याच गटातला. समुद्रातले अनेक प्राणी स्वरक्षणासाठी अशी संयुगे बनवतात.

इथे वेल्स यांची आठवण होते. साखर, आम्ल, क्विनाइन : त्यांनी ऑक्टोपसला विचारलेले प्रश्न माणसाच्या जिभेचे होते. गोड, आंबट, कडू. तिन्ही पदार्थ पाण्यात विरघळणारे. ऑक्टोपसने उत्तरे दिली, कारण तेवढे त्याला येत होते. पण त्याच्या चूषकाचा खास विषय वेगळाच होता, आणि तो कोणी विचारलाच नव्हता. पाण्यात न विरघळणारा रेणू पाण्यातून वाहत येऊन आपली वर्दी देऊ शकत नाही. तो खेकड्याच्या कवचावर, दगडावर, अंड्याच्या आवरणावर चिकटून राहतो. तो ओळखायचा तर जाऊन हात लावायला हवा. आपण स्पर्श आणि चव यांचे दोन वेगळे धडे करतो. ऑक्टोपसच्या काठावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पेशी एकाच टेकण्यातून आपापले उत्तर देतात.

२०२३ मध्ये या ग्राहीची अणूंपर्यंतची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेच दिसली, या वेळी गोठवलेल्या नमुन्यांवर. ज्या खाचेत पूर्वी ॲसिटिलकोलीन बसे, तीच बदलून आता तेलकट रेणूंना आसरा देते. त्याच वर्षी स्क्विडचे ग्राहीही तपासले गेले. त्याच्या बाहूंवर याच कुटुंबातले, पण वेगळ्या वळणाचे ग्राही आहेत. ते पाण्यात विरघळणारे कडू रेणू ओळखतात. सुरुवातीला पाहिलेला दातेरी कड्यांचा चूषक इथे आठवावा. स्क्विड भक्ष्याला डोळ्यांनी हेरून झडप घालतो आणि पकडल्यावर ते खाण्याजोगे आहे की नाही ते पाहतो. ऑक्टोपस फटीत न दिसणाऱ्या जागी बाहू घालून चाचपतो. एकाला आधी पकड हवी, दुसऱ्याला आधी ओळख.

हे तेलकट रेणू निसर्गात नेमके कुठून येतात, याचे एक उत्तर त्याच प्रयोगशाळेने २०२५ मध्ये दिले. जिवंत खेकड्याच्या कवचावर आणि सडू लागलेल्या खेकड्यावर वेगवेगळे जीवाणू वाढतात. ऑक्टोपसच्या निरोगी अंड्यांवर आणि आईने टाकून दिलेल्या अंड्यांवरही ते वेगळे असतात. या जीवाणूंनी बनवलेले काही रेणू चूषकांतल्या ग्राहींना चेतवतात. अशा रेणूचा लेप दिलेली खोटी अंडी ऑक्टोपस मादीच्या अंड्यांत ठेवली, तेव्हा तिने ती बाहेर काढून टाकली. एरवी अंडी घातल्यावर मादी कपारीतून हलत नाही. बहुतेक जातींत ती खाणेही सोडते. अंड्यांच्या माळांवर पाण्याचा फवारा सोडत आणि बाहूंची टोके फिरवत ती ती उबेपर्यंत बसून असते, आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. त्या अंधाऱ्या कपारीत कोणते अंडे ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे ती चूषकांच्या काठांनी ठरवत असते.